सॉकेटात बसला म्हणजे चालेलच असं नाही: पहिला पीसी जोडताना बायोस आणि पार्ट कसे जुळवायचे

भाच्याने परवा व्हॉट्सॲपवर लिस्ट पाठवली, "मामा, उद्या एम. जी. रोडला जाऊन एवढं घेऊन येतो, तू फक्त जोडायला बस माझ्याबरोबर." लिस्ट अशी: आय५-१४४००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर५ रॅम, ५०० जीबीची एम.२ एसएसडी, एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट, आणि सगळ्यात खाली 'ग्राफिक कार्ड पुढच्या वर्षी'. पोराने चार रात्री व्हिडिओ बघून लिस्ट केलेली, कौतुक आहेच, पण हे सामान जसंच्या तसं आणलं असतं तर मशीन तीन ठिकाणी अडकलं असतं आणि सील फोडलेला माल कोण परत घेतंय. त्याला फोनवर अर्धा तास समजावलं आणि मग वाटलं की हे एकदा नीट लिहूनच काढावं, कारण दर सहा महिन्यांनी कोणीतरी मला हेच विचारतं.

अडकणारी तीन ठिकाणं आधी सांगून टाकतो. एक, त्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' आहे म्हणजे त्याच्या पोटात ग्राफिक्स नाही, आणि कार्ड पुढच्या वर्षी येणार म्हणजे वर्षभर स्क्रीन काळी. दोन, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या, एकीच्या बोर्डात दुसरी बसत नाही; एच६१० बोर्ड डीडीआर४ चा पण येतो आणि डीडीआर५ चा पण, नावं जवळजवळ सारखीच, याने निवडलेला होता डीडीआर४ चा. तिसरी भानगड लिस्टमध्ये दिसतच नाही, कारण ती कागदावर सगळी बरोबर आहे. सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) जुळतंय, चिपसेट (बोर्डवरची मुख्य चिप, एच६१० हे तिचंच नाव) सपोर्ट करतोय, तरी मशीन चालू होईलच याची खात्री नाही. ती भानगड म्हणजे बायोस, बोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर, आणि ती मला कशी कळली ते सांगतो.

आधी माझी फजिती

२०२२ च्या दिवाळीत मी स्वतःसाठी पहिल्यांदा मशीन जोडलं, त्याआधी आयुष्यभर असेंबल केलेलंच घेतलं होतं. रायझन ५ ५६०० आणि बी४५० चिपसेटचा बोर्ड. दुकानदाराने स्टुलावर चढून वरच्या फळीवरून बोर्डचा बॉक्स काढला, फडक्याने पुसला आणि म्हणाला, "शेवटचा पीस आहे भाऊ, म्हणून या भावात देतोय." मी खूश. बॉक्सवर धूळ का आहे हा प्रश्न तेव्हा पडायला पाहिजे होता.

नाशिकच्या सिडकोतल्या घरी रात्री जेवणं झाल्यावर फरशीवर सतरंजी टाकून सगळं जोडलं. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीनवर काही नाही. बोर्डच्या कोपऱ्यात 'सीपीयू' लिहिलेल्या जागी एक बारका लाल दिवा लागून राहिला होता पण त्याचा अर्थ तेव्हा माहीत नव्हता. रॅम काढून घातली, दुसऱ्या खाचेत घातली, केबल बदलली, टीव्हीला लावून बघितलं. दुसऱ्या दिवशी रॅम बदलून आणली, तिसऱ्या दिवशी एसएमपीएसवर संशय घेतला, बायको म्हणाली दिवाळीत हे काय आणून ठेवलंस.

शेवटी एका मित्राच्या डीटीपीच्या दुकानात जुनं रायझन ३ २२००जी वालं मशीन होतं, तो रविवारी दुकान बंद असताना प्रोसेसर काढून घेऊन आला. माझ्या बोर्डात तो बसवला आणि पहिल्या फटक्यात डिस्प्ले, म्हणजे स्क्रीनवर चित्र! बायोसच्या पहिल्याच पानावर व्हर्जनशेजारी तारीख होती, २०१९ ची. माझा ५६०० बाजारात आला एप्रिल २०२२ मध्ये. म्हणजे बोर्डमधलं सॉफ्टवेअर लिहिलं गेलं तेव्हा हा प्रोसेसर जन्मालाच आलेला नव्हता, तो बोर्ड त्याला ओळखणार कसा? पेनड्राइव्हवरून नवीन बायोस टाकला, पुन्हा ५६०० बसवला आणि मशीन चालू झालं. चार दिवसांचा ताप आणि इलाज वीस मिनिटांचा.

बायोस म्हणजे नक्की काय

मदरबोर्डवर एक बारकी आठ पायांची चिप असते, साधारण १६ किंवा ३२ एमबीची. लाईट चालू केल्यावर विंडोजच्याही आधी जे चालतं ते त्या चिपमध्ये असतं. प्रोसेसरला जागं करणं, त्याला किती व्होल्टेज द्यायचं ते ठरवणं, रॅमशी बोलणं जुळवणं, कार्ड आणि एसएसडी शोधणं, आणि मग कुठल्या डिस्कवरून विंडोज उचलायचं ते बघणं. आजकाल त्याचं खरं नाव यूईएफआय आहे पण दुकानात, व्हिडिओत, घरी सगळे बायोसच म्हणतात, आपणही तेच म्हणू. असं हार्डवेअरच्या आत राहणारं जे सॉफ्टवेअर असतं त्याला फर्मवेअर म्हणतात. एसएसडीत पण असतं, ग्राफिक कार्डात पण असतं, पण पहिल्या मशीनच्या वेळी नडतं ते मदरबोर्डचंच.

प्रत्येक पिढीच्या प्रोसेसरला जागं करायची पद्धत थोडी वेगळी असते. एएमडी आपल्या प्रोसेसरसाठीचा हा भाग 'एजेसा' नावाने बोर्ड कंपन्यांना देते आणि त्या कंपन्या तो आपल्या बायोसमध्ये घालून देतात. इंटेलचाही मायक्रोकोड असाच बायोसमधून येतो. त्यामुळे नवीन प्रोसेसर आला की बोर्ड कंपनी नवीन बायोस काढते, पण जो बोर्ड आधीच पॅक होऊन दुकानाच्या फळीवर बसलाय त्याच्यात तो आपोआप जात नाही.

माझा मामा पिंपळगावला द्राक्ष करतो. तो सांगतो की खुंट आधी लावलेला असतो, कलम नंतर भरतात, आणि कुठल्याही खुंटावर कुठलंही कलम जोमाने चालेलच असं नसतं. इथे बरं हे आहे की खुंट उपटायची गरज नाही, पेनड्राइव्हवर काम भागतं.

तर भाच्याला मी एकच गोष्ट पाठ करायला लावली: बोर्डमधला बायोस प्रोसेसरच्या जन्मानंतरचा पाहिजे. एच६१० बोर्ड आले २०२२ च्या सुरुवातीला, आय५-१४४००एफ आला जानेवारी २०२४ मध्ये. मधल्या दोन वर्षांतला कुठला बॉक्स आपल्या नशिबी येतो ते दुकानदाराच्या फळीवर अवलंबून. उलट प्रोसेसर जुना आणि बोर्ड त्याच्यानंतरचा, पण त्याच सॉकेटचा, असेल तर बहुतेक वेळा निर्धास्त.

बहुतेक वेळा म्हणालो कारण इथेही खोच आहे. बी५५० बोर्ड २०२० चा, रायझन ३ २२००जी २०१८ चा, सॉकेट दोन्हीचं एएम४, तरी बी५५० च्या अधिकृत यादीत २२००जी नाही. त्याहून गंमत म्हणजे ३२००जी पण नाही, कारण नाव ३००० चं असलं तरी आतला गाभा आधीच्या पिढीचा आहे. म्हणून नावातल्या आकड्यावरून पिढी ठरवायची नाही, यादीत नाव आहे का ते बघायचं.

यादी कशी वाचायची

हे काम दुकानात जायच्या आधी घरी बसून करायचं. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर जा, सपोर्ट उघडा, त्यात 'सीपीयू सपोर्ट' नावाची यादी असते. आपला प्रोसेसर शोधा. त्याच्यासमोर शेवटच्या रकान्यात एक बायोस व्हर्जन लिहिलेलं असतं, म्हणजे या व्हर्जनपासून पुढे हा प्रोसेसर चालतो. नाव यादीत आहे एवढं बघून लोक खूश होतात आणि तो शेवटचा रकाना बघतच नाहीत, आणि सगळी मेख तिथेच आहे. त्या व्हर्जनची तारीख बायोस डाउनलोडच्या यादीत मिळते. ती दोन्ही कागदावर लिहून घ्या नाहीतर फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवा.

मॉडेलचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. एकाच नावाच्या पाच बहिणी असतात, एकीच्या शेवटी 'डी४', एकीच्या शेवटी 'वायफाय', एकीच्या शेवटी 'प्लस'. काही कंपन्यांच्या बोर्डला तर रिव्हिजन पण असते, १.०, १.१, २.० अशी, ती बोर्डच्या एका कोपऱ्यात अगदी बारीक छापलेली असते आणि प्रत्येक रिव्हिजनचा बायोस वेगळा असू शकतो. दुकानात मोबाईलचा टॉर्च मारून बघायला लाजू नका.

मग दुकानात काय विचारायचं? "चालेल ना?" असं विचारलं की उत्तर "चालेल की" हेच येणार. विचारायचं असं: "या बोर्डात बायोस कुठला आहे, आणि माझ्या प्रोसेसरसाठी अपडेट करून द्याल का?" बऱ्याच बॉक्सवर 'या पिढीसाठी रेडी' असा स्टिकर असतो, तो असेल तर चांगलं. काही बोर्डवर बायोस चिपवरच किंवा बॉक्सच्या बाजूला व्हर्जनचा बारका स्टिकर असतो. यातलं काहीच नसेल तर दुकानदाराकडून तिथल्या तिथे मशीन चालू करून डिस्प्ले येतोय ते दाखवून घ्या, त्याच्याकडे जुना प्रोसेसर पडलेला असतो, त्याच्यासाठी हे रोजचं काम आहे. नाशिकमध्ये घेतल्याचा हाच खरा फायदा. पहाटे पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जाऊन स्वस्त आणणारे मी पण बघितलेत, पण घरी येऊन डिस्प्ले आला नाही तर पुन्हा गाडी पकडायची का? बोर्ड आणि प्रोसेसर तरी गावातल्या एकाच दुकानातून, एकाच बिलावर घ्यावेत असं माझं मत आहे, मग बाकीचं कुठूनही घ्या. एकाच बिलावर असलं की "बोर्ड बरोबर आहे, प्रोसेसरवाल्याला विचारा" हे ऐकावं लागत नाही.

सॉकेट आणि चिपसेटची घराणी

इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर बारावी, तेरावी, चौदावी अशा तीन पिढ्या बसतात. त्यातले ६०० सिरीजचे बोर्ड, म्हणजे एच६१०, बी६६०, झेड६९०, बारावीच्या काळातले, तेरावी-चौदावीसाठी बायोस लागतो. ७०० सिरीज तेराव्या पिढीबरोबर आली, तिला चौदाव्यासाठी अपडेट लागू शकतो. नंतरच्या कोअर अल्ट्रा २०० चं सॉकेटच वेगळं, एलजीए १८५१, तिथे जुनं काही बसत नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांनी मात्र एलजीए ११५१ पासून जपून राहायचं. सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी या दोन्हींचं सॉकेट नावाला एकच, प्रोसेसर आत बसतोसुद्धा, तरी आठवी पिढी १०० किंवा २०० सिरीजच्या बोर्डवर चालत नाही. एलजीए १२०० मध्येही तसंच, एच४१० आणि बी४६० साधारणपणे दहाव्या पिढीवरच थांबतात.

एएमडीचं एएम४ हे २०१७ पासून चाललेलं मोठं एकत्र कुटुंब, आणि कुटुंब मोठं झालं की घर पुरत नाही तसंच झालं. बऱ्याच जुन्या बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची, तिच्यात इतक्या पिढ्यांचा कोड मावेना. मे २०२० मध्ये एएमडीने बी४५० वर पुढची पिढी देणारच नाही असं जाहीर केलं, लोकांनी आरडाओरडा केला, मग काही दिवसांत शब्द मागे घेतला. बोर्ड कंपन्यांनी जागा करायला कुठे बायोसचा चकचकीत चेहरा साधा केला, कुठे जुन्या प्रोसेसरचा सपोर्टच काढून टाकला. म्हणून एएम४ च्या जुन्या बोर्डवर नवा बायोस टाकताना त्याखालची टीप वाचा, कारण टाकल्यावर आत बसलेला जुना प्रोसेसरच ओळखेनासा होईल असंही होऊ शकतं.

एएम५ आलं २०२२ मध्ये रायझन ७००० बरोबर, त्यावर फक्त डीडीआर५. रायझन ९००० आला २०२४ मध्ये, त्यामुळे आधीच्या बी६५० बोर्डला अपडेट लागतो.

घरी अपडेट कसा करायचा

दोन रस्ते आहेत. पहिला, मशीन चालू होतंय, डिस्प्ले येतोय. तेव्हा कंपनीच्या साइटवरूनच फाइल घ्या, दुसरीकडून कुठूनही नको. झिप उघडा, ३२ जीबी किंवा लहान पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइल त्यात टाका, मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि तिथल्या अपडेटच्या सोयीतून ती फाइल निवडा. आसूसवर तिला ईझेड फ्लॅश म्हणतात, एमएसआयवर एम-फ्लॅश, गिगाबाइटवर क्यू-फ्लॅश, ॲसरॉकवर इन्स्टंट फ्लॅश. विंडोजमधून अपडेट करायचे प्रोग्रॅम पण असतात, मी ते वापरत नाही, मध्येच विंडोज अडकलं तर काय घ्या. बायोस खूप जुना असेल तर थेट शेवटच्या व्हर्जनवर उडी मारता येते का ते बघा, कधीकधी आधी एक मधलं व्हर्जन टाकावं लागतं आणि तसं डाउनलोडखाली लिहिलेलं असतं.

दुसरा रस्ता, प्रोसेसर ओळखलाच जात नाही म्हणून डिस्प्लेच नाही. तेव्हा बोर्डच्या मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा. गिगाबाइट त्याला क्यू-फ्लॅश प्लस म्हणते. याला प्रोसेसर, रॅम काहीच लागत नाही, फक्त एसएमपीएसच्या २४ पिन आणि प्रोसेसरजवळची ८ पिन केबल लावायची. पेनड्राइव्ह एफएटी३२, फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय तसंच बदलायचं, एमएसआयवर 'एमएसआय डॉट रॉम', गिगाबाइटवर 'गिगाबाइट डॉट बिन', अर्थात इंग्रजी अक्षरांत. आसूसच्या झिपमध्ये नाव बदलायचा छोटा प्रोग्रॅमच असतो. पेनड्राइव्ह घालायचा तो ठरलेल्याच यूएसबी खाचेत, तिच्याभोवती खूण असते. बटण दाबलं की दिवा लुकलुकायला लागतो, पाच-दहा मिनिटांत थांबतो. दोन-चार सेकंदांतच दिवा थांबला किंवा स्थिर राहिला तर फाइल वाचली गेली नाही असं समजायचं, नाव किंवा फॉरमॅट चुकलंय. स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांवर हे बटणच नसतं, आणि ज्याला नवीन प्रोसेसर आणि जुन्या स्टॉकचा बोर्ड घ्यायचाय त्याने या एका बटणासाठी थोडे पैसे जास्त द्यावेत असं मी म्हणेन.

आणि लाईट! बायोस लिहिला जात असताना लाईट गेली तर बोर्ड मेल्यासारखा होतो. मे महिन्यात वळवाचं आभाळ भरून आलेलं असताना, गंगापूरच्या बाजूने वारा सुटलेला असताना हे काम काढू नका. यूपीएसवर लावा, यूपीएस नसेल तर सकाळी शांतपणे करा. पडद्यावरची रेघ पुढे सरकत नाहीये असं वाटलं तरी बटण दाबायचं नाही. आणि झालंच वाईट, तरी फ्लॅशबॅक असेल तर पुन्हा तेच करून बोर्ड उठतो, काही बोर्डांवर दोन बायोस चिपा असतात, आणि तेही नसेल तर लॅपटॉप दुरुस्तीवाल्यांकडे चिपवर थेट बायोस लिहायचं प्रोग्रॅमर नावाचं यंत्र असतं, तिथे काम होतं.

अपडेट झाल्यावर सगळी सेटिंग मूळपदावर जातात, हे लोकांना माहीत नसतं आणि मग रॅम हळू का झाली म्हणून ओरडतात. एक्सएमपी, म्हणजे रॅम बॉक्सवर लिहिलेल्या वेगाने चालवायची सोय, पुन्हा चालू करावी लागते. एएमडीवर प्रोसेसर बदलल्यावर एफटीपीएमबद्दल (प्रोसेसरमधली, कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) एक काळा-पांढरा मेसेज येतो आणि वाय किंवा एन विचारतो. नवीन मशीन असेल, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) लावलेलं नसेल तर वाय. बिटलॉकर असेल तर आधी रिकव्हरी की हाताशी आहे ना ते बघा, नसेल तर वाय दाबल्यावर स्वतःच्याच डेटाला बाहेरून कुलूप लागेल.

सगळं नीट चाललेलं असताना उगाच अपडेट करावा का? चालत्या गाडीचं इंजिन खोलू नये हे खरं, पण कधीकधी बायोसमध्येच औषध असतं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू खराब होत होते, त्याचा उपाय ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडमधून आला, आणि तो बायोस अपडेट केला तरच मिळतो. आधीच झालेलं नुकसान मात्र त्याने भरून येत नाही. एएम५ वर २०२३ मध्ये नावाच्या शेवटी एक्स३डी असलेले रायझन प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या, तिथेही बायोसमधून एका व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली. तेव्हा या प्रोसेसरवाल्यांनी आळस करू नये.

बाकीचे पार्ट

रॅमची खाच डीडीआर४ आणि डीडीआर५ मध्ये वेगळ्या जागी असते, पिना दोन्हीकडे २८८ च, पण एकमेकांत बसत नाहीत आणि बसवायचा प्रयत्न केला तर खाच तुटते. दोन काड्या असतील आणि बोर्डवर चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी. बॉक्सवर ३६०० लिहिलंय म्हणून ती ३६०० वर चालत नाही, बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एएमडीवर एक्सपो चालू करावं लागतं, तोवर ती सावकाश चालते. एच६१० वर रॅम ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे पळवता येत नाही, डीडीआर४ ३२०० च्या वर जात नाही, तिथे महाग रॅम घेणं म्हणजे सातपूरच्या ट्रॅफिकमध्ये स्पोर्ट्स बाइक.

डीडीआर५ बद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी जुळवाजुळव करत बसतो, एएम५ वर तर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. माझा एक शेजारी घाबरून तीनदा बटण दाबून बंद करत होता आणि दर वेळी ते पहिल्यापासून सुरू होत होतं. चहा ठेवा, पिऊन या, मग बघा.

एम.२ हे आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. त्याच आकारात साटा (जुनी, हळू जोडणी) एसएसडी पण येते आणि एनव्हीएमई (नवी, वेगवान) पण येते, आणि बोर्डची खाच कधी एकच प्रकार घेते. शिवाय काही बोर्डांवर एम.२ खाच भरली की एखादा साटा पोर्ट बंद पडतो, जुनी हार्डडिस्क दिसत नाही म्हणून घाबरायच्या आधी मॅन्युअलमधलं ते एक पान बघा.

ग्राफिक कार्ड ज्या खाचेत बसतं ती पीसीआयई, तिच्या जुन्या पिढीतही ते चालतं, फक्त वेग कमी मिळू शकतो. आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड फक्त चार लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं, त्यामुळे पीसीआयई ३ वर त्याचा चांगलाच दम निघतो. आणि रायझन ५ ५५०० प्रोसेसर बी५५० बोर्डवर लावला तरी पीसीआयई ३ च देतो, हे ५६०० ऐवजी ५५०० घेऊन पैसे वाचवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. खूप जुनं कार्ड कोणाकडून घेतलं असेल तर त्याला बायोसमधलं सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करायची सोय, लागू शकतं, आणि विंडोज ११ ला नेमका सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० पाहिजे; सीएसएम आणि सिक्युअर बूट एका घरात नांदत नाहीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा तिकडे पळायचा रस्ताही चांगला नाही.

एसएमपीएसमध्ये प्रोसेसरची ८ पिन ४+४ अशी फुटते आणि कार्डची ६+२ अशी, दिसायला सारख्या, जोर करून एकीच्या जागी दुसरी घालू नका. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीला लावायच्या नाहीत, टोक बसतं पण पिनांचा क्रम वेगळा असतो आणि पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की एसएसडी गेली. घराची अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात मी कॅबिनेटला हात लावून झिणझिण्या घेतल्यात.

कूलर एलजीए १२०० चा एलजीए १७०० वर थेट बसत नाही, भोकांचं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झालंय, वेगळा ब्रॅकेट लागतो. कॅबिनेटमध्ये कार्डची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये जुळवा, बस.

जोडायच्या आधी बाहेर चालवून बघा

कॅबिनेटमध्ये सगळं आवळायच्या आधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या बॉक्सवर ठेवा. प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच काडी, एसएमपीएसच्या दोन केबल, मॉनिटर. पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की मशीन चालू होतं. ग्राफिक कार्ड लावलेलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डला, बोर्डला नाही, यात रोज कोणीतरी फसतं. डिस्प्ले नाही आला तर चार बारके दिवे बघा, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. कुठल्या दिव्यावर थांबलंय तिथे शोधायचं. सीपीयूवर थांबलं आणि बोर्ड जुन्या स्टॉकचा असेल तर बायोसवर पहिला संशय. रॅमवर थांबलं तर काडी काढून 'कट्' असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा.

एएम४ चा कूलर काढताना सरळ वर ओढू नका. त्या दिवशी मित्राचा २२००जी कूलरच्या पेस्टला चिकटून सॉकेटातून उपटून वर आला, पिना खाली लोंबत, आणि मित्र माझ्या तोंडाकडे बघत होता. नशीब एकही वाकली नाही. आधी दहा मिनिटं चालवून गरम करायचं, बंद करून प्लग काढायचा, मग डावी-उजवीकडे हळू पिळत सोडवायचा.

भाच्याची लिस्ट शेवटी अशी झाली: आय५-१२४००, एफ नाही, म्हणजे कार्ड येईपर्यंत पोटातल्या ग्राफिक्सवर काम चालेल. बी७६० चा डीडीआर४ वाला बोर्ड, प्रोसेसरपेक्षा वर्षभराने नवा, म्हणजे बायोस कुठलाही असो, चालणारच. आठ-आठच्या दोन काड्या डीडीआर४ ३२०० च्या. पुढे चौदावी पिढी लावावीशी वाटली तर तेव्हा आधी बायोस टाकायचा आणि मग प्रोसेसर बदलायचा, क्रम उलटा करायचा नाही, नाहीतर माझीच दिवाळी पुन्हा.

शनिवारी त्याच्या घरी इंदिरानगरला जोडलं. पहिल्या बटणाला डिस्प्ले आला, बायोसच्या पानाचा त्याने फोटो काढला आणि मी सांगायच्या आधीच मार्कर घेऊन बोर्डच्या बॉक्सच्या झाकणावर व्हर्जन आणि तारीख लिहिली. बिल पण त्याच बॉक्समध्ये टाकलं, माळ्यावर.